मेंढपाळाची अंगठी : एका गोष्टीने वादात नेमकं काय केलं

तत्त्वज्ञानात गोष्टीचं काम काय, हा प्रश्न मोघम विचारला की उत्तरंही मोघमच येतात. कोणी म्हणतं, गोष्ट हृदयाला भिडते आणि तर्क बुद्धीला. कोणी म्हणतं, गोष्ट म्हणजे कडू गोळीवरची साखर. दोन्ही ऐकायला बरं वाटतं, पण हाती काही लागत नाही. म्हणून इथे एकच प्रकरण घेतलं आहे. त्यात एकाच प्रश्नावर आधी तर्क चालतो, मग गोष्ट येते, मग पुन्हा तर्क आणि शेवटी पुन्हा गोष्ट. प्रत्येक टप्प्यावर काय साधलं आणि काय निसटलं, हे मजकुरावर बोट ठेवून सांगता येतं. प्रकरण आहे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'रिपब्लिक'मधल्या अंगठीचं, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातलं. हा दहा भागांचा संवाद आहे, आणि त्यात प्लेटोचा गुरू सॉक्रेटिस इतरांशी वाद घालतो.

तर्क जिंकतो आणि काहीच होत नाही

प्रश्न असा : न्यायाने वागण्यात वागणाऱ्याचं स्वतःचं काही भलं असतं का? पहिल्या भागात थ्रॅसिमॅकस नावाचा वादपटू ठणकावून सांगतो की न्याय म्हणजे बलवानांचं हित. राज्य करणारा आपल्या सोयीचे कायदे करतो आणि ते पाळण्याला लोक न्याय म्हणतात. यावर सॉक्रेटिस म्हणतो की कुठलीही विद्या ज्याच्यासाठी असते त्याचं हित बघते, वैद्य रोग्याचं बघतो, तसा राज्यकर्ता प्रजेचं. थ्रॅसिमॅकस उसळून म्हणतो, अरे, मेंढपाळ मेंढ्यांना खाऊ घालतो तो काय मेंढ्यांच्या कल्याणासाठी? (हा मेंढपाळ लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीचा नायक मेंढपाळच आहे, आणि तो योगायोग असावा असं मला वाटत नाही.)

सॉक्रेटिस एकामागून एक मुद्दे टाकत जातो. चोरांच्या टोळीलासुद्धा आपसात थोडा न्याय पाळावाच लागतो, नाहीतर चोरीही धड होत नाही. डोळ्याचं काम बघणं, तसं आत्म्याचं काम जगणं, आणि न्याय हा त्या आत्म्याचा गुण. तेव्हा न्यायी माणूस चांगला जगणार आणि चांगला जगणारा सुखी असणार. या सगळ्यात थ्रॅसिमॅकस घामाघूम होतो, लाजून लाल होतो आणि चिडून म्हणतो की आता तू बोलत राहा. गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्यांपुढे करतात तशी मी मान डोलवीन.

या टोमण्यात मोठी गंमत आहे. सॉक्रेटिस अजून एकही गोष्ट सांगत नाहीये. तो काटेकोर प्रश्नोत्तरं करतोय, आणि ऐकणाऱ्याला ती कहाणीसारखी वाटू लागली आहेत : खरं-खोटं कोण बघतो, 'हूं' म्हणायचं आणि पुढे जायचं. तर्कात हरलेल्या माणसाने हार मानली, पण मत बदललं नाही.

हे ऐकत बसलेल्या ग्लॉकॉनच्या, म्हणजे प्लेटोच्या भावाच्या, लक्षात येतं. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच तो सॉक्रेटिसला विचारतो की तुला आम्हाला खरोखर पटवायचंय, की पटवल्याचा नुसता देखावा करायचाय? ग्लॉकॉन थ्रॅसिमॅकसच्या मताचा नाही, तसं तो स्पष्ट सांगतो. पण ते मत अजून पुरतं मांडलंच गेलेलं नाही, ही त्याची तक्रार आहे. म्हणून ते तो स्वतःच, जास्तीत जास्त जोर लावून मांडायला घेतो, आणि तिथे अंगठी येते.

गोष्ट

लिडियाच्या (आजच्या तुर्कस्तानातलं एक प्राचीन राज्य) राजाच्या पदरी एक मेंढपाळ होता. एकदा मोठं वादळ झालं, धरणीकंप झाला आणि तो मेंढ्या चारत होता तिथेच जमीन दुभंगली. तो खाली उतरला. आत पितळेचा एक पोकळ घोडा होता, त्याला छोटी दारं होती. डोकावून पाहिलं तर आत प्रेत, माणसापेक्षा मोठं, अंगावर काहीही नाही, हातात फक्त एक सोन्याची अंगठी. ती काढून घेऊन तो वर आला.

कळपांचा हिशेब राजाला कळवायला मेंढपाळ दर महिन्याला जमत. तिथे हा अंगठी घालून बसला होता. बसल्या बसल्या अंगठीचा खडा तळहाताकडे फिरला आणि शेजारी बसलेले लोक, हा निघून गेल्यासारखे त्याच्याविषयी बोलू लागले. खडा बाहेर फिरवला तर हा पुन्हा दिसू लागला. दोन-तीनदा फिरवून त्याने खात्री केली. मग राजाकडे जाणाऱ्या निरोप्यांत आपली वर्णी लावून घेतली, तिथे राणीला वश केलं, तिच्या मदतीने राजाला मारलं आणि राज्य घेतलं.

एवढीच गोष्ट. यावर ग्लॉकॉन म्हणतो, आता अशा दोन अंगठ्या असत्या, एक न्यायी माणसाकडे आणि एक अन्यायी माणसाकडे, तर दोघंही एकाच वाटेने गेले असते. पकडले जाण्याची भीती नसताना हात आवरेल इतका वज्राचा माणूस कुठे सापडायचा नाही.

एका गोष्टीकडून दोन कामं

या गोष्टीवर एकाच वेळी दोन वेगवेगळी कामं लादलेली आहेत, आणि त्यातलं एक करायचा तिला पूर्ण हक्क आहे, दुसरं करायचा अजिबात नाही. माझ्या मते सगळं प्रकरण इथे आहे.

पहिलं काम वेगळं काढण्याचं. रोजच्या जगण्यात न्यायाने वागणं आणि न्यायी म्हणून नाव होणं, या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की फायदा नेमका कशाचा झाला ते सांगता येत नाही. प्रामाणिक दुकानदाराकडे गिऱ्हाईक टिकतं ते त्याच्या प्रामाणिकपणामुळे, की प्रामाणिक म्हणून झालेल्या बोलबाल्यामुळे? अंगठी हा गुंता एका झटक्यात सोडवते. खडा आत फिरवला की वागणं उरतं आणि नाव गळून पडतं. 'या दोन गोष्टी एकच आहेत' हे मत पाडायला एवढं पुरे. त्या वेगळ्या असू शकतात अशी एक कल्पनीय परिस्थिती दाखवली की झालं. ती खरी घडलेली असायची गरज नाही.

गोष्टीचा असा वापर हा चोख तर्कच आहे. 1963 साली तत्त्वज्ञ एडमंड गेटिअरने जेमतेम तीन पानांच्या लेखात दोन छोटे कल्पित प्रसंग सांगून 'सकारण आणि खरा विश्वास म्हणजे ज्ञान' ही व्याख्या मोडीत काढली, ती याच रीतीने. 'सर्व' असं म्हणणाऱ्या विधानाला एक उदाहरण पुरतं, आणि ते कल्पित असलं तरी चालतं.

दुसरं काम सिद्ध करण्याचं. ग्लॉकॉनला 'सगळेच असं करतील' असं म्हणायचंय. ते एका मेंढपाळावरून सिद्ध होत नाही, दहा मेंढपाळांवरूनही नाही, आणि मेंढपाळ कल्पित असतील तर मुळीच नाही. गोष्ट सांगणाऱ्याला हवा तसा मेंढपाळ घडवता येतो. त्याच अंगठीने गावच्या सावकाराची वही पळवून गरिबांची कर्जं बुडवणारा मेंढपाळही घडवता आला असता. किंवा दोनदा खडा फिरवून, घाबरून, अंगठी पुन्हा त्या भेगेत टाकणारा.

मग ऐकताना हे खटकत का नाही? कारण आपण पुरावा मोजत नसतो, आपण स्वतःच्या बोटात अंगठी घालून बघत असतो. आपल्यालाही मोह झाला हे कळलं की 'सगळ्यांनाच होईल' हे पटायला वेळ लागत नाही. वाचणारा स्वतःच साक्षीदार होतो आणि स्वतःविरुद्ध साक्ष देतो. थ्रॅसिमॅकसच्या घणाघाती विधानाला जे जमलं नाही ते इथे चार ओळींत होतं. पण ही साक्ष मोहाची आहे, कृतीची नाही. आणि 'सगळे तसं करतील' हे खरं धरलं, तरी त्यावरून 'तसं करण्यात त्यांचं भलं आहे' हे निघत नाहीच. त्या दोहोंमधलं अंतर गोष्ट उडी मारून ओलांडते, आणि उडी इतकी सफाईदार की पायाखाली काही नव्हतं हे ध्यानात येत नाही.

तपशील हेच गृहीतक

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनेही लिडियाचा राजा झालेल्या गायजीसची अशीच एक गोष्ट सांगितली आहे आणि ती अगदी वेगळी आहे. (प्लेटोचा मेंढपाळ गायजीसचा पूर्वज आहे, पुस्तकाच्या शेवटी मात्र अंगठीला गायजीसचीच अंगठी म्हटलं आहे.) हिरोडोटसच्या गोष्टीत जादू नाही. गायजीस हा कँडॉलीस राजाचा विश्वासू अंगरक्षक. राजाला आपल्या राणीच्या सौंदर्याचा इतका गर्व की त्याने गायजीसला बळेच शयनगृहाच्या दाराआड उभं करून ती विवस्त्र असताना दाखवली. राणीने त्याला निसटताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी बोलावून तिने दोन वाटा ठेवल्या : एक तर राजाला मार आणि राज्य घे, नाहीतर आत्ता इथे मर. तो जगण्याची वाट धरतो.

राणी तीच, खून तोच, सिंहासनही तेच. पण ही गोष्ट ग्लॉकॉनच्या काहीही कामाची नव्हती. इथे गायजीस कात्रीत सापडलेला आहे, त्याच्यावर सक्ती आहे. ग्लॉकॉनला सक्ती उलट्या बाजूला हवी होती : माणूस न्यायाने वागतो तो सक्तीने, आणि सक्ती उठली की अन्यायाकडे जातो. म्हणून सक्ती काढून अंगठी घातली. युक्तिवादात गृहीतकं वर क्रमांक देऊन लिहिलेली असतात, गोष्टीत ती तपशिलात मुरलेली असतात. ती हुडकायचा सोपा उपाय म्हणजे एक तपशील बदलायचा आणि निष्कर्ष टिकतो का ते बघायचं.

तसं करून पाहिलं की ग्लॉकॉनच्या गोष्टीत काही चमत्कारिक जागा सापडतात. पहिली चोरी अंगठीच्या बळावर झालेलीच नाही; प्रेताच्या हातातली अंगठी काढली तेव्हा मेंढपाळ चांगला दिसत होता, फक्त बघायला कोणी नव्हतं. म्हणजे जादू सुरू व्हायच्या आधीच माणूस कसा आहे ते ठरून गेलंय. दुसरं, राणीला वश करणं अदृश्य राहून जमत नाही, तिच्यासमोर यावंच लागतं. आणि तिची मदत घेतली म्हणजे निदान एका माणसाला सगळं ठाऊक आहे. पूर्ण गुप्ततेची म्हणून सांगितलेली गोष्ट पूर्ण गुप्ततेची नाहीच.

बहुधा म्हणूनच ग्लॉकॉन गोष्टीवर थांबत नाही. तो पुढे एक कोरडी मांडणी करतो : एक माणूस पूर्ण न्यायी, पण साऱ्या जगात अन्यायी म्हणून बदनाम, शेवटी फटके आणि सूळ त्याच्या वाट्याला, दुसरा पूर्ण अन्यायी, पण न्यायी म्हणून नावाजलेला. आता सांग, दोघांत सुखी कोण? यात अंगठी नाही, घोडा नाही, राणी नाही. सॉक्रेटिस थट्टेने म्हणतो की दोघांना पुतळ्यासारखं काय घासूनपुसून चकचकीत केलंयस! तर्काच्या दृष्टीने ही मांडणी गोष्टीपेक्षा सरस आहे, तिच्यात फटी नाहीत. तरी लोकांच्या लक्षात राहिली ती अंगठीच.

'असं होऊच शकत नाही'

या गोष्टीवरचा सगळ्यात बोलका आक्षेप रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने नोंदवला आहे. ख्रिस्तपूर्व 44 मध्ये मुलाला उद्देशून लिहिलेल्या कर्तव्यावरच्या ग्रंथात, तिसऱ्या भागात, तो अंगठीची गोष्ट सांगतो आणि म्हणतो की काही तत्त्वज्ञ, माणसं वाईट नाहीत पण फार तल्लखही नाहीत, म्हणतात की ही गोष्ट रचलेली आहे. जणू प्लेटोने ती घडली असा दावाच केला होता! सिसेरो त्यांना विचारतो : कोणाला कळणार नाही, संशयही येणार नाही, असं असतं, तर तुम्ही काय केलं असतं? ते पुन्हा म्हणतात, असं होऊच शकत नाही. तो म्हणतो, होऊ शकत नाही हे मान्य. पण झालं असतं तर? ते हेका सोडत नाहीत.

कल्पित प्रसंग मांडणाऱ्या कोणालाही हा अनुभव ओळखीचा वाटेल. सिसेरोचं बरोबर आहे, आणि त्याने कारणही हेरलंय : 'शक्य नाही' म्हणणाऱ्याला उत्तर द्यायचं नसतं. 'केलं असतं' म्हटलं तर आपण होऊन गुन्हेगार ठरणार, 'नसतं केलं' म्हटलं तर काही गोष्टी मुळातच वाईट असतात हे कबूल करावं लागणार. म्हणून वाट अडवून बसायचं.

तरी त्या मंद तत्त्वज्ञांच्या बाजूने एक शब्द बोलायला हवा. पहिल्या कामापुरता, म्हणजे नाव आणि वागणं वेगळं काढण्यापुरता, त्यांचा आक्षेप गैरलागू आहे. पण कोणी याच गोष्टीवरून 'माणसं अशीच असतात' असं म्हणू लागला, तर 'हे कधी घडलं?' हा प्रश्न अगदी रास्त आहे. एकाच आक्षेपाला एका ठिकाणी हसावं आणि दुसऱ्या ठिकाणी मान द्यावा लागतो. कुठे काय, ते गोष्टीकडून कोणतं काम करून घेताय त्यावर.

गोष्ट जिथे थांबली तिथून पुढे

ग्लॉकॉनची गोष्ट सिंहासनावर संपते. मेंढपाळ राजा झाला, पुढे? गोष्ट गप्प आहे, आणि ते गप्प राहणं हाच तिचा सर्वात बलवान युक्तिवाद आहे. 'राज्य घेतलं' यावर पूर्णविराम दिला की ऐकणारा पुढचं 'आणि सुखाने नांदला' आपणच भरून घेतो.

सॉक्रेटिसचं उत्तर लांबलचक आहे. नगराची रचना, आत्म्याचे तीन भाग (विवेक, जोम आणि वासना), न्याय म्हणजे या भागांनी आपापलं काम करत एकमेकांशी मेळ राखणं. पण मेंढपाळाला खरं उत्तर मिळतं ते नवव्या भागात, जिथे जुलमी राजाचं आतलं जगणं उघडं होतं, आणि तिथे सॉक्रेटिस तर्काच्या मध्येच एक छोटी गोष्ट पेरतो. समजा पन्नास-एक गुलाम बाळगणारा एक श्रीमंत आहे. शहरात तो निर्धास्त असतो, कारण अख्खं शहर त्याच्या पाठीशी असतं. आता एखाद्या देवाने त्याला बायकामुलं, मालमत्ता आणि गुलामांसह उचलून अशा ओसाड जागी ठेवलं जिथे मदतीला एकही स्वतंत्र माणूस नाही. तो किती घाबरेल? त्याच गुलामांची हांजी हांजी करेल, त्यांना वचनं देईल. जुलमी राजा असाच जगतो, घरात कोंडलेला, चार लोक जिथे जातात-बघतात तिथेही जाऊ न शकणारा.

हे वाचून मेंढपाळाकडे परत बघा. अंगठीचं सगळं बळ न दिसण्यात होतं, आणि राजाला तर दिसावंच लागतं. शिवाय महालात राणी आहे, जिने एक राजा मारायला हात लावला आहे. सॉक्रेटिस हे शब्दांत म्हणत नाही, पण गुलामांची गोष्ट ऐकलेल्याला ते सुचल्याशिवाय राहत नाही. इथे तर्काने गोष्ट खोटी पाडलेली नाही, तिचा पुढचा अध्याय मागितला आहे.

त्यानंतर मात्र हिशेबाचा सोस अनावर होतो. जुलमी राजापेक्षा तत्त्वज्ञ राजा 729 पटींनी सुखी, असा आकडा काढला जातो, नऊचा घन. वर त्याचा दिवसरात्रींशी मेळही घातला जातो. ग्लॉकॉनही चकित होतो. प्लेटो थट्टा करत असेल तर उत्तम; नसेल तर तर्काची ऐट दाखवून काहीच सिद्ध न करण्याचं इतकं छान उदाहरण दुसरं मिळणार नाही. गोष्टीला भुलू नये हे सगळेच सांगतात, आकड्याला भुलू नये हे कमी जण.

मोठी फट वेगळीच आहे. तत्त्वज्ञ डेव्हिड सॅक्स यांनी 1963 मध्येच तिच्यावर बोट ठेवलं. ग्लॉकॉनचा प्रश्न साध्या अर्थाच्या न्यायाबद्दल होता : चोरी न करणं, खून न करणं, दुसऱ्याची बायको न पळवणं. सॉक्रेटिस उत्तर देतो ते आतल्या मेळाबद्दल. ज्याच्या आत मेळ आहे तो ठेव बुडवणार नाही, देऊळ लुटणार नाही, व्यभिचार करणार नाही, असं तो चौथ्या भागात म्हणतो खरा, पण म्हणून मोकळा होतो. शांत डोक्याचा, संयमी, आतून पूर्ण सुसंगत असा मेंढपाळ थंडपणे राजाला मारणारच नाही, हे कशावरून? सॅक्स यांच्यावर पुष्कळ उत्तरं लिहिली गेली आणि वाद मिटलेला नाही. मला विशेष वाटतं ते हे की ही फट दिसायला मेंढपाळच उपयोगी पडतो. आत्म्याचे तीन भाग आणि त्यांचा मेळ वाचत गेलं की सारं पटत जातं. तोच मेळ मेंढपाळाच्या अंगात घालून त्याला राजवाड्याच्या दारात उभा केला, की प्रश्न पडतो.

कवींना बाहेर काढल्यावर

दहाव्या भागात सॉक्रेटिस कवींना नगराबाहेर काढतो, तत्त्वज्ञान आणि काव्य यांचं भांडण जुनंच आहे असं सांगतो, आणि त्याच भागाचा शेवट एका अचाट गोष्टीने करतो. याला दुटप्पीपणा म्हणायचा मोह होतो. पण क्रम बघा. आधी तो म्हणतो की अंगठी असो वा नसो, न्याय आत्म्याच्या भल्याचाच आहे हे आपण दाखवलं. गोष्ट येते त्यानंतर. ग्लॉकॉनची गोष्ट प्रश्न घेऊन तर्काच्या आधी आली, ही तर्कानंतर येते.

गोष्ट एर नावाच्या सैनिकाची. लढाईत मेलेला हा माणूस चितेवरून जागा होतो आणि पलीकडे काय पाहिलं ते सांगतो. आत्मे हजार वर्षांनी परत येऊन पुढचा जन्म निवडतात, समोर आयुष्यांचे नमुने मांडलेले असतात. ज्याचा पहिला क्रमांक लागतो तो क्षणाचाही विचार न करता सर्वात मोठ्या जुलमी राजाचं आयुष्य उचलतो. नीट बघितल्यावर त्याला दिसतं की त्यात स्वतःच्या मुलांना खाण्याचं प्राक्तन लिहिलेलं आहे. मग तो ऊर बडवतो, नशिबाला आणि देवांना दोष देतो. हा माणूस आला होता स्वर्गातून. मागच्या जन्मी तो सुव्यवस्थित नगरात राहिला होता आणि चांगला वागला होता, पण सवयीने.

ही अंगठीचीच गोष्ट आहे, फक्त पुढच्या अध्यायासह. बाहेरून वागणं निर्मळ, आत मात्र काही घडलेलं नाही, अशा माणसाच्या हाती मोकळी निवड आली की तो काय करतो, हे एर दाखवतो. सॅक्स यांना हवा असलेला आत्मा याच्या उलटा आहे : आत सगळं जागच्या जागी, आणि तरीही हात रक्ताने माखलेले. एरच्या त्या रांगेत सरदार आहेत, खेळाडू आहेत, गवई आहेत, शेवटचा क्रमांक लागलेला, ग्रीक महाकाव्यातला वीर ओडिसियसही आहे, जो शोधून शोधून एका साध्या खाजगी माणसाचं आयुष्य घेतो. तो आत्मा मात्र तिथे कुठेच उभा नाही.